साक्षीचा ठोका

मी रुळाचा तुकडा बोलतोय. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. ज्याचा सगळा जन्म हातोड्याचे घाव खाण्यात गेला, त्याच्या तोंडी साखर कुठून येणार? त्यातून गेले कित्येक महिने मी रागात आहे. का, ते सांगतो. ऐकायचं तर पुरतं ऐका, मध्येच उठून जाऊ नका.

मला कुठं ओतलं, कुणी ओतलं, काही आठवत नाही. आठवतं ते परतूरकडचं माळरान आणि अंगावरून धडधडत जाणारी छोट्या लाईनीची गाडी. पुढं मोठी लाईन आली आणि आम्हाला उपटून काढलं. माझे भाऊबंद ट्रकांत भरून जालन्याच्या भट्ट्यांत गेले, सळया होऊन बाहेर पडले. आज कुणाकुणाच्या स्लॅबात मुकाट पडून असतील. मी वाचलो तो रामकिसन गँगमनमुळे. त्यानं साहेबाची रीतसर परवानगी काढली, दोन हात लांबीचा हा तुकडा बैलगाडीत घातला आणि कुंभार पिंपळगावजवळच्या आपल्या वस्तीवर आणला.

वस्तीवर अठरा घरं ख्रिस्ती. पत्र्याचं चर्च होतं, पण घंटा नव्हती. चर्चसमोर लिंबाचं झाड होतं. माझ्या टोकाला बोल्टाचं भोक आधीपासूनच होतं. त्यातून साखळी ओवली आणि मला लिंबाला टांगलं. बुंध्याशी हातोडा ठेवला. झालो घंटा!

कामं मला तीन. रविवारी उपासनेला बोलावणं, हे पहिलं. मंडळीतलं कुणी वारलं की त्याच्या वयाइतके ठोके, हे दुसरं. तिसरं काम रामकिसननं लावून दिलं, आणि ते मला सगळ्यांत आवडायचं. ज्याचं प्रभूनं काही भलं केलं असेल, त्यानं रविवारी मंडळीपुढं उभं राहून तसं सांगायचं. याला ते साक्ष म्हणतात. साक्ष दिली की बाहेर यायचं आणि स्वतःच्या हातानं मला एक ठोका मारायचा. फक्त एक. साळूबाईची चोरीला गेलेली शेळी सापडली तेव्हा तिनं असा ठोका हाणला की लिंबावरचे कावळे उडाले. शेजारच्या हिंदू आळीतल्या बायासुद्धा तो एकटा ठोका ऐकून म्हणायच्या, आज कुणाचं तरी बरं झालं दिसतंय.

रामकिसन पहिल्या दिवशीच सगळ्यांना म्हणाला होता, "रुळाशी खोटं चालत न्हाई. रूळ बोटभर सरकला तरी सगळी गाडी उलटते. साक्ष देताना इतकं ध्यानात ठेवा."

रामकिसन गेला. त्याचे एकाहत्तर ठोके मीच वाजलो. त्याचा मुलगा मच्छिंद्र आज या चर्चचा पाळक आहे. आता माझा राग ज्याच्यावर आहे तो हाच माणूस, म्हणून त्याच्याबद्दल आधी चांगलं सांगतो. नंतर जमायचं नाही.

मच्छिंद्र पाळक माणूस सोन्याचा. मंडळीतली निम्मी घरं ऊसतोडीला अंकुशनगरकडं जातात, तर हा दर पंधरवड्याला मोटारसायकल काढून त्यांच्या कोप्यांवर, पाचटाच्या झोपड्यांवर जायचा. फडात उभा राहून प्रार्थना घ्यायचा, आणि प्रार्थना झाली की मोळ्याही उचलू लागायचा. त्याचा उपदेश मला बाहेर टांगल्या जागी ऐकू यायचा. तो सांगायचा की श्रद्धा म्हणजे रविवारचे कपडे न्हाईत, घडी घालून पेटीत ठेवायला. ती सोमवारी फडात मळली पाहिजे. दुःख आलं म्हणजे देव उठून गेला असं समजू नका, तो कोयत्याच्या मुठीपाशीच बसून राह्यलेला असतो. ऐकून माझ्यासारख्या लोखंडालाही बरं वाटायचं.

पण या सोन्यासारख्या माणसाचं एक गुपित होतं, आणि त्याच्या बायकोखेरीज ते एकट्या मला ठाऊक होतं. पाळकाला साखरेचा आजार. रोज सकाळी न्याहारी झाली की तो लिंबाखाली यायचा, वस्तीकडं पाठ करायचा आणि खिशातली गोळी गुपचूप तोंडात टाकायचा. सात वर्षं! चोरी का, तर मंडळीचे पंच रामप्रसाद एकदा सहज बोलून गेले होते की पाळकाचीच प्रार्थना ऐकली जात नसेल, तर आपली कोण ऐकणार. तेवढंच याच्या मनाला लागलं. बायकोला सोडून कुणाला कळू दिलं नाही. मी म्हटलं, असू दे. माणूस आहे, लाजतो.

तेव्हा मी चुकलो. ती लाज कुणाच्या जिवावर बेतेल याचा मला अंदाज आला नाही.

साळूबाईची एकुलती एक लेक आकांक्षा. तेवीस वर्षांची, बापामागं आईनं वाढवलेली. जालन्याला मस्तगडात कापडाच्या दुकानात कामाला होती. गेल्या दिवाळीत घरी आली ती खोकतच. तपासलं तर टीबी निघाला. गावची आशा सेविका तुळजाबाई, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या गोळ्या घरोघरी पोचवणारी बाई. तिनं दुसऱ्या दिवसापासून गोळ्या सुरू केल्या. सहा महिने, एक दिवस न चुकता, असं बजावून सांगितलं. पोरीनं नेमानं घेतल्या. नाताळापर्यंत ताप गेला, खोकला थांबला, गालावर मांस आलं. तुळजाबाई विठ्ठलाची माळकरी, पण नाताळाला साळूबाईच्या घरी येऊन फराळ करून गेली, इतकी खूश होती.

आणि संक्रांतीनंतर तालुक्याच्या गावी तंबू पडला. चंगाईची सभा, म्हणजे प्रार्थनेनं रोग बरे करायची! बाहेरून कुणी एक उपदेशक आल्ता. साळूबाई लेकीला घेऊन गेली. त्यानं म्हणे आकांक्षाच्या डोक्यावर हात ठेवला, कर्ण्यातून मोठ्यानं आरोळी ठोकली, पोर खाली पडली, आणि त्यानं जाहीर केलं की ही बरी झाली. अरे बाबा, बरी तर ती होतच होती! दोन महिने गोळ्या गिळून होत होती. तू आलास आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला.

पुढच्या रविवारी आकांक्षा मंडळीपुढं उभी राहिली. प्रभूनं मला बरं केलं, असं रडत रडत म्हणाली. सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि पाळक? ज्याला औषध म्हणजे काय हे सात वर्षं रोज कळत होतं, तो पाळक? तो म्हणाला, "आमेन."

पोर बाहेर आली. दोन्ही हातांनी हातोडा उचलला आणि मला ठोका मारला. मी वाजलो. वाजावंच लागतं, मला न वाजण्याची सोय नाही. पण त्या दिवशीसारखं वाजणं मला आयुष्यात कधी जड गेलं नव्हतं.

दुसऱ्या सकाळी तुळजाबाई गोळ्या घेऊन गेली तर आकांक्षानं हात मागं घेतला. म्हणाली, "ठोका मारलाय ताई. आता गोळी घेतली तर साक्ष खोटी पडंल. देवाला खोटं पाडू का मी?"

बघा, ही आमच्या मंडळीची रीत कशी उलटली. पोर आळशी नव्हती, अडाणी नव्हती. रामकिसनचा शब्द तिनं पाळला होता. रुळाशी खोटं चालत नाही ना? मग ठोका मारल्यावर मागं फिरायचं कसं? गोळ्यांची पाकिटं साळूबाईनं तांदळाच्या डब्यात लोटून दिली.

तुळजाबाई तडक पाळकाकडं आली. लिंबाखालीच दोघं बोलले, म्हणून मला सगळं कळलं. ती म्हणाली की पोरगी तुमचं ऐकंल, माझं न्हाई, तुम्ही एक शब्द टाका. पाळक मान हलवत राहिला. बोलतो म्हणाला. एक रविवार गेला, दोन गेले, पाच गेले. दर सकाळी हा माझ्यासमोर येऊन स्वतःची गोळी गिळायचा आणि दर रविवारी मूग गिळून बसायचा. तुळजाबाई तिसऱ्यांदा आली तेव्हा म्हणतो कसा, "तिची श्रद्धा मी कशी मोडू? लई नाजूक असते ती."

मला पाय नाहीत, नाहीतर तळपायाची आग मस्तकात गेली असती. श्रद्धा नाजूक? आणि फुप्फुस काय पोलादाचं असतं? मोडायची भीती हिच्या श्रद्धेची नव्हती हो, याच्या अब्रूची होती. आज तिला गोळी घे म्हटलं तर उद्या कुणी विचारील, पाळकसाहेब, तुम्ही घेता का? आपलं ठेवायचं झाकून, असा सगळा कारभार. वाटायचं, साखळी तुटावी आणि मी याच्या पायावर पडावं. निदान ओरडेल तरी.

होळीच्या सुमाराला खोकला परतला. मंडळीतल्या बाया म्हणाल्या, हवा बदलली. पंच म्हणाले, सैतान परीक्षा पाहतोय. कुणी म्हणालं नाही की गोळ्या बंद आहेत. पोर पुन्हा काडीसारखी झाली.

एका शनिवारी दुपारी साळूबाई तिला धरून लिंबाखाली पाळकाकडं घेऊन आली. दहा पावलं चालून आकांक्षाला धाप लागली होती. ती बुंध्याशी बसली, ओढणी तोंडाला लावून खोकली, आणि ओढणी बाजूला केली तर रक्त. पाळक प्रार्थनेला डोळे मिटणार, तेवढ्यात तिनं वर बघितलं.

"पाळकसाहेब," ती म्हणाली, "माझी श्रद्धा कमी पडली का?"

आवाजात तक्रार नव्हती. खरोखर विचारत होती ती, परीक्षेत कुठं चुकलं असं विचारावं तसं. मरायला टेकलेली पोर दोष स्वतःकडं घेत होती, आणि ज्याचा दोष तो समोर उभा होता.

मच्छिंद्रनं प्रार्थना केली नाही. शेवटी इतकंच म्हणाला की उद्या ये, कशीही ये, आणि तुळजाबाईलाही बोलावून घे.

रविवारी चर्च भरलं. उपदेशाची वेळ आली तसा पाळक उठला आणि खिशातून गोळ्यांची पट्टी काढून सगळ्यांपुढं धरली. मी बाहेर कान देऊन होतो.

"आज उपदेश न्हाई," तो म्हणाला. "आज माझी साक्ष आहे. सात वर्षं झाली, मी साखरेची गोळी घेऊन राह्यलो. रोज, लिंबामागं लपून. तुम्ही काय म्हणाल म्हणून लपलो. आकांक्षानं साक्ष दिली तेव्हा मला माहीत होतं की गोळ्या तिला बरं करून राह्यल्यात. तरी मी आमेन म्हणलो. पोरीची साक्ष खोटी न्हाई. माझं आमेन खोटं होतं."

तो पुढं म्हणाला की रोजची भाकर आपण प्रभूपाशी मागतो, पण पीठ मळावं लागतं, तवा ठेवावा लागतो, अन् तरी ती त्यानंच दिली म्हणतो. मंग औषधाचं काय वेगळं आहे? एवढं बोलून त्यानं तांब्या उचलला आणि सगळ्यांदेखत गोळी घेतली.

रामप्रसाद पंच उठले. पाळकाचाच विश्वास असा असंल तर आम्ही कशाला बसायचं, असं म्हणून बाहेर पडले. त्यांच्यामागं सात घरं गेली. मच्छिंद्रनं कुणाला अडवलं नाही. तो बाहेर आला, हातोडा उचलला आणि मला एक ठोका मारला. ठोका तिरपा बसला, आवाज चिरका निघाला. पण खरं सांगतो, रामकिसनच्या माघारी इतका सरळ ठोका मी खाल्ला नव्हता.

तुळजाबाई फाटकाशी गाडी घेऊनच उभी होती. त्याच पावली आकांक्षाला जालन्याच्या दवाखान्यात नेलं.

आता सहा महिन्यांत भागायचं नाही. डॉक्टर म्हणाले, मध्येच सोडल्यानं रोग हट्टी झालाय, गोळ्या जास्त लागतील आणि जास्त दिवस. बरी होईलच असं त्यांनी सांगितलं नाही, होऊ शकते म्हणाले. रोज सकाळी ती लिंबाखाली येते. एका दगडावर ती बसते, दुसऱ्यावर पाळक. दोघं आपापली गोळी घेतात, वस्तीकडं तोंड करून. गोळ्यांनी तिला मळमळतं, कधी कधी ती रडते, तेव्हा मच्छिंद्र नुसता बसून राहतो. हल्ली त्याची हीच प्रार्थना असते.

आणि माझा राग? तो गेलेला नाही. एका माणसाच्या लाजेपायी एका पोरीचे अडीच महिने गेले, ते कुणी भरून देणार नाही. मच्छिंद्रलाही ते माहीत आहे. तो माझ्याकडं बघतो तेव्हा नजर खाली घालतो. घालू दे.

माझी स्थिती म्हणाल, तर मी भंगारात निघालोय. गेलेल्या सात घरांनी शेजारच्या पडवीत वेगळी उपासना सुरू केली आहे, तिथं कर्ण्यावर घंटेचा आवाज वाजतो. आमच्यातलेही काही म्हणतात, आपणही कर्णा घेऊ, हे गंजकं लोखंड जालन्याला पाठवून देऊ. पाठवा. भट्टीला मी भीत नाही, माझे भाऊबंद गेले त्याच वाटेनं जाईन.

पण परवाचं ऐका. आकांक्षानं गोळी घेतली आणि माझ्या अंगावर तळहात ठेवला. ठोका मारला नाही. पाळकाला विचारलं, "मी परत ठोका कधी मारायचा?"

"डॉक्टर सांगतील तेव्हा."

"अन् प्रभू?"

"तोच सांगून राह्यलाय. तू गोळ्या संपव."

तिनं हात काढला आणि हळूहळू चालत घरी गेली. गोळ्यांचे अकरा महिने राहिलेत. त्या दिवशी मला तिचा ठोका हवा आहे, तिच्याच हातचा. वयाचे ठोके तिच्यासाठी मी वाजणार नाही, सांगून ठेवतो. तोवर या साखळीला कुणी हात लावला, तर याद राखा.