लहरीबाबांची तबकडी

संध्याकाळी ऑफिसातून परतले तेव्हा दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आत गेले, तर मागच्या खोलीत शेजारीपाजारी दाटीवाटीने बसलेले आणि सासूबाई फोनवर माझ्या नणंदेशी बोलत होत्या. पडद्यावर तिचा चेहरा स्वच्छ, आवाज खणखणीत. एरवी त्या खोलीत तिचे शब्द पोचायचे ते तिने तोंड मिटल्यावर.

"बघितलंस?" सासूबाई म्हणाल्या. "महाराजांनी तबकडी टांगली आणि नेट धावायला लागलं."

भिंतीवर तांब्याची तबकडी होती. तिच्याखाली, आमच्याच आरामखुर्चीत, सासूबाईंचे हे महाराज, लहरीबाबा, डोळे मिटून बसले होते.

"जी लहर भिंत भेदते, ती रक्तदाब उतरवणार नाही का?" ते म्हणाले. "तबकडीखाली ठेवलेलं पाणी प्यायचं. गोळ्या बंद."

शेजारच्या काकूंनी लगेच आपली बाटली पुढे सरकवली. रोज रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या सासूबाईंनीही मान डोलावली, आणि मला फुटू पाहणारं हसू तिथेच विरलं.

हसू यायला कारण होतं. तो चमत्कार माझा होता. सकाळी सासूबाई फिरायला गेल्या असताना मी नणंदेकडून आणलेला जास्तीचा एक्स्टेंडर, म्हणजे राउटरचा सिग्नल झेलून पुढे पोचवणारी डबी, आमच्या घरातल्या वाय-फायच्या जाळ्याला (मेश नेटवर्कला) जोडला होता. नणंदेच्या घरच्या नेटची ओळख पुसायला टाचणीने रीसेट केला, राउटरशेजारी ठेवून ॲपमध्ये जोडून घेतला आणि मग राउटर आणि मागची खोली यांच्यामधल्या बोळात, शिलाई मशीनमागे लावला. मागच्या खोलीत लावून उपयोग नव्हता. तिथे झेलायलाच काही पोचत नव्हतं. ऑफिसच्या घाईत सांगायचं राहून गेलं.

"महाराज, तबकडी जरा उतरवून पाहू या?" मी विचारलं.

"उपयोग नाही. लहरी भिंतीत मुरल्यात."

मी गुपचूप बोळात जाऊन प्लग काढला. पडद्यावरची नणंद जांभई देता देता गोठली.

"कोणाच्या तरी मनात शंका आली," बाबा गंभीरपणे म्हणाले. काकूंनी नवऱ्याकडे रोखून पाहिलं.

मी प्लग लावला. थोड्या वेळाने नणंद पुन्हा बोलू लागली.

"शंका गेली," बाबा म्हणाले.

मग मी सासूबाईंना बोळात बोलावून सगळं दाखवलं. त्यांनी स्वतः प्लग काढून, लावून पाहिला. त्यांचा चेहरा आधी उतरला, मग डोळ्यांत खट्याळपणा आला. त्यांनी फोनचा आवाज बंद करून तो काकूंच्या हाती दिला, पडदा बाबांना दिसणार नाही असा, आणि स्वतः मशीनमागे जाऊन बसल्या.

"महाराज," त्या तिथूनच म्हणाल्या, "आता शंका आली की गेली?"

बाबांनी डोळे मिटले. "आली."

"छे, लेक तर मजेत हात हलवतेय," काकू म्हणाल्या. सासूबाईंनी प्लगला हातही लावला नव्हता.

कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग कोणालाच आवरेना. "इथलं वातावरण दूषित आहे," असं पुटपुटत बाबांनी तबकडी काखोटीला मारली आणि ते चपला शोधू लागले. नेट चालूच राहिलं. काकूंनी बाटली हळूच पिशवीत टाकली.

"मला सकाळीच सांगायला काय झालं होतं?" सासूबाई मला म्हणाल्या, आणि गोळी घ्यायला उठल्या.

नेटच्या बाबतीत फसलो, तर फार तर हसं होतं. औषधाच्या बाबतीत फसलो, तर माणूस जातं. एका गोष्टीमागून दुसरी घडली, म्हणून पहिलीनेच ती घडवली असं नसतं. तेव्हा चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी एवढंच विचारा: आज आणखी काय बदललं? आणि ते एकदा काढून पाहा.