द्विवचनाची दुरुस्ती

तेहतीस वर्षं मी परराष्ट्र खात्यात स्वल्पविराम लावले. कोणी विचारलं की मी एवढंच सांगते, म्हणजे पुढचे प्रश्न येत नाहीत. हुद्दा भाषा तपासनीस. मंत्र्याचं भाषण असो की कुठल्या बेटावरच्या राजाला वाढदिवसाच्या शुभेच्छा, आमच्या खात्यातून बाहेर पडणारा प्रत्येक स्लोव्हेनियन कागद आधी माझ्या टेबलावर यायचा. मी लाल पेन्सिल फिरवायची, खाली सही करायची, कागद जायचा. कागदात काय म्हटलंय याच्याशी मला कर्तव्य नव्हतं. निदान मी तसं म्हणायची.

आमचा देश वीस लाखांचा. त्याच्या परराष्ट्र धोरणाचे अग्रक्रम चौदा. सरकार बदललं की नवं धोरण निघतं, आणि नव्या माणसांना आधीच्या चौदांतला एकही काढायचा धीर होत नाही, फक्त क्रम बदलतो. कधी समुद्र वर येतो, कधी पाणी, कधी मधमाश्या. अशी सात धोरणं मी तपासली. शेजाऱ्यांची नावं खात्यात कोणी घेत नाही, दिशा सांगतात. उत्तरेचा शेजारी, पश्चिमेचा शेजारी. उत्तरेच्या शेजाऱ्याकडे, डोंगरापलीकडे, आमची भाषा बोलणारी थोडी गावं आहेत. पहिल्या धोरणात त्या गावांना अख्खं पान होतं. तिसऱ्यात ते परिच्छेदावर आलं. सातव्यात एक ओळ उरली, आणि तीही मीच वाक्यरचना सुटसुटीत करताना अर्धी केली. तेव्हा काही वाटलं नाही. कंटाळलेल्या माणसाला लांब वाक्यं सोसत नाहीत.

माझी धाकटी बहीण नेझिका त्यांपैकी एका गावात राहते. ब्रेस्तोवा. लग्न करून पलीकडे गेली आणि तिथल्या द्विभाषिक शाळेत मास्तरीण झाली. एका नोव्हेंबरात, राजधानी ल्युब्लियानात सलग आठ दिवस धुकं बसलेलं असताना, तिचा फोन आला.

"पेपी, तू त्या खात्यात नक्की काय करतेस गं? इतकी वर्षं झाली, विचारायचंच राहिलं."

"स्वल्पविराम लावते."

"मग आता माझ्यासाठी एक अख्खं वाक्य लाव."

शाळेत नऊ मुलं उरली होती. पलीकडचे अधिकारी शाळा बंद करून मुलांना खालच्या मोठ्या गावात पाठवायचं म्हणत होते. तिथे आपली भाषा आठवड्यातून एक तास, तीही शुक्रवारी शेवटचा तास. नेझिका म्हणाली, "शुक्रवारच्या शेवटच्या तासाला मुलं स्वतःचं नाव विसरतात, भाषा कसली शिकतात! तुझा मंत्री आणि आमचा मंत्री जानेवारीत भेटतायत म्हणे. त्यांच्या निवेदनात ब्रेस्तोवाचं नाव घाल. नाव पडलं की इथले लोक दहादा विचार करतील."

"मला कोण विचारतंय तिथे?"

"मग तू विचार. तोंड आहे ना?"

मी विचारलं. उत्तरेच्या शेजाऱ्याचं टेबल उर्बानकडे होतं. उर्बान वीस वर्षांपूर्वी खात्यात नवा आला तेव्हा पत्र कसं लिहायचं ते मी त्याला शिकवलं होतं. आता तो साहेब झाला होता, पण दहाच्या खाण्याला अजून टेबलावर कागद पसरून चीज भरलेला बुरेक खायचा आणि निवेदनांवर तेलाचे डाग पाडायचा. त्यानं माझं ऐकून घेतलं, बोटं पुसली आणि म्हणाला, "बाई, एकतीस वर्षांत तुम्ही पहिल्यांदा काहीतरी मागताय. बघतो."

आणि त्यानं खरंच बघितलं. दोन आठवडे उत्तरेकडच्यांशी घासाघीस केली आणि वाक्य मिळवलं. 'आम्ही, दोन्ही देशांचे परराष्ट्रमंत्री, ब्रेस्तोवा येथील शाळा चालू राहील याची काळजी घेऊ.' सह्या व्हायच्या आधी मसुदा माझ्याकडे तपासायला आला. तो मी तीनदा वाचला. पहिल्यांदा बहीण म्हणून, मग दोनदा नोकरी म्हणून. आणि पेन्सिल उचलली.

इथे आमच्या भाषेची एक खोड सांगायला हवी. एकवचन आणि अनेकवचन यांच्यामध्ये आमच्याकडे द्विवचन अजून जिवंत आहे. संस्कृतात होतं म्हणतात तसंच. बहुतेकांनी ते टाकून दिलं, आम्ही उराशी धरून बसलो. 'आम्ही सगळे करू' याला 'बोमो', आणि 'आम्ही दोघे करू' याला 'बोवा'. उर्बाननं बोमो लिहिलं होतं. मी खोडून बोवा केलं.

तासाभरात तो कागद घेऊन वर आला. "बाई, हे काय?"

"सह्या किती जण करणार?"

"दोघं."

"मग बोवा."

"अहो, पण आपण देश म्हणून बोलतोय. देश म्हटलं की बोमो."

"वाक्याचा कर्ता वाच. 'आम्ही, परराष्ट्रमंत्री'. दोन मंत्री, म्हणजे दोन माणसं. तुला कोणी शिकवलं रे हे?"

"तुम्हीच," तो हसला. मग डोकं खाजवत म्हणाला, "बोमोत जरा जागा राहते, म्हणून म्हणतोय."

"कसली जागा?"

"सगळ्यांना बसायला."

"तेच तर! बसायला सगळे, आणि काम करायची वेळ आली की बाकं रिकामी. एकतीस वर्षं मी 'आम्ही काळजी घेऊ' वाचतेय. कोणी घेतली? दोघं म्हटलं की दोघांची मानगूट धरता येते."

त्याला पटलं होतं किंवा तो दमला होता. खात्यात या दोन्हींत फारसा फरक नसतो. "व्याकरणात तुमच्याशी कोण भांडणार, बाई," म्हणाला आणि गेला. मला काय आनंद झाला! अख्ख्या नोकरीत पहिल्यांदा मी अर्थाला हात लावला होता, आणि व्याकरण माझ्या बाजूनं होतं.

जानेवारीत तळ्याकाठच्या सरकारी वाड्यात सह्या झाल्या. पाहुण्यांना मधाच्या बरण्या दिल्या, नेहमीसारख्या. मी मागच्या भिंतीला टेकून उभी होते. आमचे मंत्री समुद्राकडचे. तिकडच्या बोलीतून द्विवचन केव्हाच उडालंय, दोघं असोत की दोनशे, सगळ्यांना एकच माप. मंत्र्यांनी कागद हातात घेतला, चष्मा लावला, आणि समोर स्वच्छ बोवा छापलेलं असताना खणखणीत आवाजात वाचलं, "बोमो."

उत्तरेच्या मंत्र्यानं आपल्या भाषेत वाचलं. त्यांच्याकडे 'आम्ही' एकच, दोघांचं आणि सगळ्यांचं. म्हणजे त्या दालनात त्या दोघांना धरून ठेवणारं अक्षर कोणाच्याच तोंडातून निघालं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्तीपत्र लिहिलं. कोणी सांगितलं नव्हतं. 'वाचनात आलेल्या बोमो या रूपाऐवजी बोवा असे समजावे. येथे कर्ता निवेदनावर सही करणाऱ्या दोन व्यक्ती आहेत, राष्ट्रे नव्हेत.' खाली पूर्ण नावानं सही केली, योझेफा कुमेर, भाषा तपासनीस. एक प्रत दप्तरी, एक उत्तरेकडे.

उर्बान म्हणाला, "राहू द्या ना, बाई. कोण वाचतं असलं?"

"कोणी वाचत नाही म्हणूनच तर नीट लिहायचं."

त्या वर्षी शाळा चालू राहिली. नेझिकानं ईस्टरला अक्रोडाची पोतित्सा पाठवली, वर चिठ्ठी, 'वाक्य खाल्लं नाही कोणी, तू हे खा.' मी ती खात्यात सगळ्यांना वाटली आणि दिवसभर उगाचच मिरवत होते.

मग पलीकडे निवडणूक झाली, त्यांचा मंत्री गेला. मग आमच्याकडे झाली, आमचा गेला. आठव्या धोरणाचा मसुदा आला, अग्रक्रम चौदाच. आणि पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात नेझिकाचा फोन आला. शाळा जुलैत बंद. नोटीस लागली होती.

मी जिना उतरून उर्बानकडे गेले. त्याच्यासमोर बुरेक तसाच पडला होता. त्यानं मला बसायला सांगितलं, आणि तो मला बसायला सांगतो तेव्हा बातमी वाईट असते.

"मी विचारणा केली होती," तो म्हणाला. "कालच उत्तर आलंय. फार सभ्य पत्र आहे."

मी वाचलं. खरंच सभ्य होतं. त्या निवेदनाचा आम्ही आदर करतो, असं लिहिलं होतं. मात्र आपल्याच खात्याच्या अमुक तारखेच्या दुरुस्तीपत्रानुसार सदर आश्वासन राष्ट्रांचे नसून दोन व्यक्तींचे होते. त्या दोन्ही सन्माननीय व्यक्ती आता पदावर नाहीत. सबब ते आश्वासन त्यांच्याबरोबरच संपले आहे. सोबत माझ्या पत्राची प्रत जोडली होती, माझी सही ठळक दिसेल अशी.

कोणी वाचत नाही, असं नव्हतं. उत्तरेकडे वाचत होते.

"मंत्री बोमो म्हणाले होते," मी म्हणाले. "चित्रफीत आहे, उर्बान. सगळ्यांनी ऐकलंय. बोमो म्हणाले ते. ते लावून दाखव त्यांना."

"ती चूक होती ना, बाई?"

"नव्हती! तेच बरोबर होतं. देश म्हटलं की बोमो, तूच म्हणाला होतास!"

त्यानं बुरेक बाजूला सारला. "आता कुठल्या तोंडानं सांगू? तुम्ही लिहून दिलंय, सहीनिशी. आणि व्याकरणात तुमच्याशी..." वाक्य त्यानं अर्धवटच सोडलं. चांगला मुलगा आहे. सगळ्यांना बसायला जागा राहते, हे त्यानं मला परत ऐकवलं नाही. पण मला ते ऐकू येत होतं. त्या जागेत पुढचे मंत्री बसले असते, त्यांच्या पुढचेही. मी दोनच खुर्च्या ठेवल्या, आणि दोन्ही रिकाम्या झाल्या.

दुरुस्तीची दुरुस्ती करता येते का, हे मी दोन दिवस शोधलं. मसुदा लिहिला, फाडला, परत लिहिला. 'येथे कर्ता राष्ट्रे आहेत' असं लिहायचं म्हणजे आधीचं चूक म्हणायचं, आणि ते चूक नव्हतं. तरीही शेवटी मी ते लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा बरोबर गोष्टीला चूक म्हटलं आणि खाली सही केली. नव्या मंत्र्यांच्या कचेरीनं ते परत पाठवलं. शेरा होता, उत्तरेच्या शेजाऱ्याशी संबंध सध्या चांगले आहेत, विषय वाढवू नये.

जूनच्या अखेरीस मी निवृत्त झाले. मला मधाची बरणी मिळाली. पाहुण्यांना देतात तीच.

जुलैच्या पहिल्या शुक्रवारी मी गाडी घेऊन बोगद्यातून पलीकडे गेले. ब्रेस्तोवाच्या शाळेत पोचले तेव्हा मुलं निघून गेली होती. नेझिका एकटीच वर्गात होती, भिंतीवरची चित्रं काढून खोक्यात भरत होती. मला बघून म्हणाली, "आलीस? धूळ फार आहे, नवा कोट काढून ठेव."

मी कोट काढला नाही. दारातच म्हणाले, "नेझिका, ते दुरुस्तीपत्र माझं होतं."

"माहीत आहे."

"कसं?"

"नोटिशीबरोबर सगळे कागद लावले होते. खाली तुझं नाव." तिनं एक टाचणी भिंतीतून उपटली. "मी घरी दोनदा वाचलं. चूक सापडते का बघत होते. मास्तरीण आहे ना मी."

"मग?"

"कुठेच सापडली नाही. शब्द न् शब्द बरोबर होता, पेपी."

तिनं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पोरांच्या एवढ्याशा बाकावर बसले आणि रडले. चौसष्ट वर्षांची बाई, गुडघे हनुवटीला लागलेले. नेझिका जवळ आली नाही. तिनं चित्रं भरली, खोक्याला दोरी बांधली, मग फळा खिळ्यांवरून उचलून खाली भिंतीला टेकवला. जुना लाकडी फळा, जड. त्यावर शेवटच्या तासाचं लिहिलेलं तसंच होतं. मी, आम्ही दोघे, आम्ही सगळे.

"हा कुठे चाललाय?" मी नाक पुसत विचारलं.

"माझ्या गोठ्यात. गाय नाहीये आता, जागा आहे. शनिवारी येतील त्यांना शिकवीन. दोघं जण येतो म्हणालेत."

"बाकीचे?"

"बाकीचे येऊ म्हणालेत. तू ओळखतेस ते 'येऊ'." ती खाली वाकली. "चल, ऊठ आता. ते टोक धर. जपून, खडू पुसेल. नेसिवा."

नेसिवा म्हणजे उचलून नेऊ या, आपण दोघी. तिनं अर्थातच द्विवचन वापरलं. बाहेर अंगणात कोणी नव्हतं, रस्त्यावरही नव्हतं. ना खात्यातला, ना गावातला.

मी माझं टोक धरलं आणि आम्ही दोघींनी फळा उचलला.