डाव्या हाताचं चाटण

काकू गेल्या तेव्हा स्वयंपाकघरातल्या फळीवर चाटणाची बरणी अर्धी उरली होती. त्या अर्ध्या बरणीवरून बापलेकीत एक करार झाला.

मुलगी म्हणाली, "बाबा, आता एकटं राहायचं नाही. माझ्याकडे चला."

निरीक्षक हो म्हणाले नाहीत की नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "तुझ्या आईनं सांगितलंय, रोज दुपारी जेवणानंतर चमचाभर चाटण घ्यायचं, बरणी संपेपर्यंत. बरणी संपली की येतो."

मुलीनं बरणी उचलून उजेडाकडे धरली. महिन्याभराचा प्रश्न होता.

"शब्द?"

"शब्द."

निरीक्षक म्हणजे वजनमाप खात्यातले. उभी हयात त्यांनी दुकानोदुकानी तराजू तपासण्यात घालवली. मापात दांडी मारणारे दुकानदार त्यांना लांबून बघून तराजूच आत घेत. तोळ्यामाशाच्या फरकासाठी ते तासभर हुज्जत घालत, म्हणून बाजारानं त्यांचं नावच 'तोळामासा' ठेवलं होतं. घरी काकूंनीही तेच उचललं, पण वेगळ्या कारणानं. त्यांची प्रकृतीच तशी. जरा वारं लागलं की खोकला, जरा तेलकट खाल्लं की पोट धरून बसणं.

ही प्रकृती काकूंनी संसारभर तळहातावरच्या फोडासारखी जपली. घरी शिजवलेलं, ताजं, गरम, आणि भुकेपेक्षा एक घास कमी, हा त्यांचा कायदा. पाकिटातलं काही उंबऱ्याच्या आत येत नसे. डॉक्टरांशी त्यांचं भांडण नव्हतं. "गोळी गोळीच्या जागी, चाटण चाटणाच्या जागी," असं म्हणून त्या दोन्ही समोर ठेवत. चाटण त्यांचं स्वतःचं. आलं आणि काळ्या मनुका मंद आचेवर आटवायच्या, हळद, मिरी, दालचिनी घालायची आणि निवल्यावरच मध. पुढे आणखी काहीतरी होतं, एक चिमूट, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. लेकीलासुद्धा नाही.

एकदा निरीक्षकांनी त्या चिमटीचं वजन करायचा घाट घातला होता. आपला लहानगा पितळी तराजू ओट्यावर मांडला आणि म्हणाले, "घाल यात." काकूंनी घातली. पुन्हा घातली. दर वेळी वजन निराळं.

"अगं, हे प्रमाण की काय? चव एक कशी येते मग?"

"अहो, चिमूट मोजायची नसते. हाताला कळतं."

"कुणाच्या हाताला?"

"ज्याच्या हातानं करायचं त्याच्या. सरका आता, करपेल."

आणि डाव्या हातानं त्यांनी तराजू बाजूला सारला होता. काकू डावऱ्या. किसणी, पळी, रागानं आपटायची भांडी, सगळं डाव्या हातानं.

महिना गेला. निरीक्षक रोज जेवत, चमचाभर चाटण घेत आणि खिडकीपाशी आरामखुर्चीत पडत. दुपारची झोप हीच काय ती त्यांची आयुष्यातली चैन. दुसरा महिना गेला. मुलीचा फोन आला, "संपली का?"

"नाही अजून."

"किती आहे?"

निरीक्षक बरणीकडे पाहत राहिले. "अर्धी."

"बाबा, तुम्ही घेताय ना?"

"मी मापात खोटं बोलेन का गं?"

पण फोन ठेवल्यावर त्यांचा त्यांनाच संशय आला. त्यांनी कागदाची पट्टी कापली आणि चाटणाच्या कडेला बरोबर लावून बरणीला बाहेरून चिकटवली. दुसऱ्या दिवशी चमचाभर खाल्लं, चाटण पट्टीच्या खाली गेलं, ते झोपले. उठून चहा करायला आत गेले आणि पाहतात तर चाटण पट्टीच्या वर बोटभर चढलेलं. बरणी अजून कोमट होती.

खालच्या मजल्यावर एक शिवणकाम करणारी बाई राहत होती. काकूंनी घराची दुसरी किल्ली तिच्याकडे ठेवली होती. निरीक्षक खाली गेले. ती मशीनवर कुणाच्या तरी झग्याला अस्तर लावत होती.

"बाई, तुम्ही दुपारच्या वर येता का?"

"कशाला, तुमचं घोरणं ऐकायला? ते इथं फुकट ऐकू येतं, काका."

"चेष्टा नको. खरं सांगा."

तिनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. "नाही हो. घोरता, मग थांबता, मग भांड्यांचा आवाज येतो. मी म्हटलं, काका शिकले एकदाचे! आणि वास तर असा येतो, की दोरा ओवायचा राहतो माझा. थेट काकूंच्या हाताचा वास." मग जरा दबकत म्हणाली, "थोडं द्याल का? माझ्या छातीत कफ बसलाय. मागायला लाज वाटत होती."

निरीक्षक जिना चढून वर आले ते कठड्याला धरून. पण भीतीनं नाही. मनाशी पुटपुटले, "म्हणजे ही येते म्हणायची."

त्या दिवसापासून त्यांचा नूर पालटला. दुपारी जेवण झालं की ते पुन्हा दाढी करत, धुतलेला सदरा घालत, केस विंचरत आणि मग खुर्चीत पडत. जागं राहून तिला पाहायचं असं रोज ठरवत. हाताला चिमटे काढत, जुने हिशेब आठवत. पण चाटण पोटात गेलं की डोळे असे मिटत जणू कुणी हातानंच मिटवले. उठावं तो बरणी भरलेली, ओटा पुसलेला, किसणी पालथी घातलेली. एकदा ओट्यावर मुद्दाम दोन कप मांडून ठेवले. उठले तेव्हा दोन्ही कप धुऊन फळीवर गेले होते. त्यांना हसू आलं. रिकामे कप बाहेर दिसले की ती अशीच धुऊन टाकायची.

करारही त्यांना आता गोड वाटू लागला. बरणी संपणार नाही, घर सुटणार नाही. मुलीनं फोनवर विचारलं की म्हणत, "आहे अजून."

पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. जन्मभर ज्यानं तराजूवरसुद्धा विश्वास टाकला नाही, तो नुसत्या वासावर किती दिवस राहणार? एके दिवशी त्यांनी बरणीच्या झाकणावरून दोरा आवळला, खात्यात बांधत तशी गाठ मारली, गाठीवर लाख वितळवून ओतली आणि आपल्या खासगी पितळी शिक्क्यानं ठसा उठवला. तो शिक्का त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात असे आणि जुडगा सदऱ्याच्या खिशात. तिला शिक्का तोडावा लागेल, एवढंच त्यांना पाहायचं होतं. दार वाजवून यावं, तसं काहीसं.

उठले, आत गेले. शिक्का जसाच्या तसा. दोरा तोच, गाठ तीच. आणि आत चाटण चढलेलं.

 निरीक्षकांनी बरणी छातीशी धरली. मग सवयीनं लाखेची कांडी खणात ठेवायला घेतली आणि तिथंच थांबले. शिक्का मारून उरली होती त्याहून कांडी आखूड झाली होती.

शिक्का तुटला होता आणि पुन्हा लागला होता. तसली गाठ खात्याबाहेर कुणाला येत नाही. जुडगा त्यांच्या खिशात होता. त्यांनी आपले हात उजेडात धरले. उजवा स्वच्छ होता. डाव्याची बोटं हळदीनं पिवळी, आणि नखांत आल्याचे तंतू. मग एकेक गोष्ट आठवू लागली. भाजीच्या पिशवीत दर आठवड्याला आलं निघायचं, आणि दुकानदार म्हणायचा, "साहेब, तुम्हीच तर मागितलंत." त्यांना वाटायचं, जुनी सवय असेल.

घरात चोर नव्हता. भूतही नव्हतं. घरात तेच होते.

भूत असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. त्यांच्या वडीलभावाचं शेवटी डोकं गेलं होतं. चपला पिठाच्या डब्यात ठेवायचा आणि स्वतःच्या मुलाला वाटसरू समजून पाणी विचारायचा. निरीक्षकांनी मुलीला फोन लावला.

"ये मला न्यायला. पण आधी एक दुपार माझ्याजवळ बस. तपासणीला साक्षीदार लागतो."

मुलगी आली. जेवणं झाली. तिनं बाबांचं चाटण काढून दिलं, बरणी ओट्यावर ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसली. निरीक्षक खुर्चीतून म्हणाले, "डोळ्याला डोळा लावू नकोस. जे होईल ते बघ आणि जसंच्या तसं सांग. माझी भीड धरू नकोस."

"बाबा, पडा हो आता."

ते जागे झाले तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. मुलगी त्याच जागी होती, पण पाटावर नव्हती, जमिनीवर बसली होती, लहानपणी बसायची तशी गुडघे पोटाशी घेऊन. तिच्या हनुवटीला चाटण लागलं होतं.

"कोण होतं?" निरीक्षकांनी विचारलं.

"तुम्हीच होतात."

त्यांनी डोळे मिटले. "म्हणजे डोकं गेलं माझं. बांध सामान."

"बाबा, तुम्ही डाव्या हातानं आलं किसलंत. भराभर. बोट न कापता." तिनं मनगट चोळलं. "मी पातेल्यात बोट बुडवलं तर हातावर चापट बसली. 'ठमे, चमचा घे, शेंबडी बोटं घालू नकोस.'"

ठमे. निरीक्षकांनी लेकीला जन्मात कधी ठमे म्हटलं नव्हतं. तो मायलेकींचा व्यवहार.

"आणि ती चिमूट?"

"घातलीत."

"कसली होती?"

"विचारलं मी. म्हणालात, 'तुझ्या बापाला सांगशील तू, आणि तो तराजू घेऊन बसेल.'" ती हसायला गेली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. "सगळं बोलून घेतलं मी. दवाखान्यात पोचायला मला उशीर झाला होता ना, तेही बोलले."

निरीक्षकांनी आपला डावा हात उलटासुलटा करून पाहिला. मग त्यांनी विचारलं, "आणि तेवढा वेळ मी कुठं होतो?"

मुलीनं पदरानं नाक पुसलं. "माहीत नाही, बाबा." मग खाली बघत म्हणाली, "मी तुम्हाला शोधलं नाही."

शब्द तो शब्द. दुसऱ्या दिवशी निरीक्षकांनी सगळं चाटण वाटीत काढलं आणि शिवणकाम करणाऱ्या बाईला नेऊन दिलं. बरणी संपली. सामान बांधताना मुलीनं ती धुऊन, पुसून कपड्यांच्या घडीत ठेवली.

"रिकामी बरणी कशाला गं?"

"असू दे."

मुलीच्या घरी सगळं चांगलं होतं. जावई भला माणूस, रोज संध्याकाळी बुद्धिबळ मांडायचा आणि मुद्दाम हरायचा. पण निरीक्षकांनी दुपारची झोप सोडली. जेवण झालं की ते ताठ पाठीच्या खुर्चीत बसत आणि वर्तमानपत्र वाचत, अगदी जाहिरातींसकट. पेंग आली की उठून येरझाऱ्या घालत. आपल्या देहात आपण नसावं आणि बाकी सगळं व्यवस्थित चालावं, हे त्यांना सोसत नव्हतं. पण त्याहून एक गोष्ट जास्त डाचत होती, ती ते कुणाला बोलले नाहीत.

एक दिवस मुलगी कामावरून अर्ध्या दिवसानं परतली. निरीक्षक पाणी प्यायला आत गेले तर ओट्यावर ती बरणी होती. शेजारी धुतलेलं आलं, भिजवलेल्या मनुका, मध, मसाल्याचा डबा. किसणी डाव्या बाजूला.

"जेवलात ना, बाबा?" मुलगी त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "मग पडा की जरा."

"खोकला झालाय का तुला?"

"नाही."

"मग?"

तिनं किसणी उचलली आणि पुन्हा तिथंच ठेवली.

निरीक्षक पलंगावर जाऊन बसले. चष्मा काढला, खिशातला जुडगा काढून उशाशी ठेवला. मुलगी दारात उभी होती.

"सगळ्यांना भेटते ती," निरीक्षक म्हणाले. "तुला भेटते. त्या खालच्या बाईलासुद्धा तिचा वास येतो. मी तेवढा घरात नसतो." ते आडवे झाले. "माझं एक काम कर. तिला विचार, मला कधी भेटणार म्हणून."

मुलीनं मान डोलावली. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, आणि कितीतरी दिवसांनी झोप आली, ती वाट बघत असल्यासारखी.

उठले तेव्हा घरभर आल्याचा आणि दालचिनीचा वास कोंडला होता. मुलगी पलंगाच्या काठावर बसली होती, मांडीवर बरणी. डोळे लाल, पण चेहरा निवळलेला.

"विचारलंस?"

"विचारलं."

"काय म्हणाली?"

मुलीनं क्षणभर बरणीवरून हात फिरवला. "हसली. म्हणाली, तोळामाशाला सांग, रोज चमचाभर घ्यायचं. बरणी संपली की भेटू."

निरीक्षकांनी बरणीकडे पाहिलं. गळ्यापर्यंत भरलेली होती. ती रोज भरणार कोण, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

मुलीनं नेहमीच्या मापानं चमचा भरला, कड पुसून सपाट केला आणि पुढे केला. त्यांनी तो खाल्ला. मग चमचा तिच्या हातातून काढून घेतला, बरणीत खोल बुडवला आणि शिगोशीग भरून वर काढला. जन्मभर दुसऱ्यांची मापं तपासणाऱ्या माणसानं त्या दिवशी पहिल्यांदा दांडी मारली.

"बाबा, पुरे."

"पुरे कसं," निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी चमचा पुन्हा बरणीत घातला.