जरा डावीकडे

गुन्वोरने उजवीकडच्या शेवटच्या गळकाठीची दोरी बोटावर तोलून पाहिली. तंगुसाची ती दोरी थरथरत होती, पण मासा लागल्यावर थरथरते तशी नाही. पलीकडून कुणीतरी ती सावकाश, न चिडता, आडवी ओढत असावं तशी.

"आल्वार, वेग कमी कर. काहीतरी अडकलंय."

सुकाणूपाशी बसलेल्या आल्वारने मान वळवली नाही. लाकूडगिरणीत उभा जन्म काढल्यामुळे त्याचा डावा कान कधीचा गेला होता आणि उजवा त्याच वाटेवर होता. गुन्वोरने पुढे जाऊन नवऱ्याच्या पाठीत थाप मारली.

"वेग कमी कर म्हटलं!"

"मग जरा मोठ्याने म्हणावं माणसाने."

"मोठ्यानेच म्हटलं. बंदरावरच्या कुत्र्यांनासुद्धा कळलं असेल."

आल्वार हसला आणि त्याने इंजिनाचा खटका मागे घेतला.

सकाळी हेस्तहोल्मेनच्या बंदरातून निघताना आभाळ स्वच्छ होतं. एप्रिल संपत आला होता, किनाऱ्यावर कोट काढून ठेवावा असं ऊन होतं. पण व्हेटर्न तळ्याचं पाणी अजून हिवाळ्यातच होतं. अशा पाण्यावरून उबदार वारा फिरला की काठावरच्या ओम्बेर्ग डोंगराच्या पायथ्याशी धुकं उठतं. डोंगरातल्या ओम्माराणीने पदर पसरला, असं गावातली म्हातारी माणसं म्हणतात. आज तो पदर त्यांच्या बोटीवरच येऊन पडला होता. मागे सोडलेल्या आठ दोऱ्यांपैकी जवळच्या तेवढ्या दिसत होत्या. दोऱ्या बाजूला फाकवून धरणाऱ्या लाल फळ्या पाण्यावर धावत असल्या पाहिजेत, पण त्या कधीच्या दिसेनाशा झाल्या होत्या.

आता एक फळी दिसली. ती त्यांची नव्हती. पिवळी होती, आणि धुक्यातून तिरकी येऊन त्यांच्या दोऱ्यांवरून सरळ पुढे जात होती.

"कुठला शहाणा हा!" आल्वार उठून उभा राहिला. "अरे ए! दिसत नसेल तर भोंगा तरी वाजव! आमच्या दोऱ्यांची शेव करतोस का?"

उत्तर आलं नाही. एका इंजिनाची मंद घरघर मात्र जवळ आली, आणि धुक्यातून एक बोट बाहेर पडली. चालत्या माणसाच्या वेगाने, मासेमारीत जाते तशीच. कडेने गळकाठ्या व्यवस्थित लावलेल्या होत्या. बोटीत कुणी नव्हतं.

आल्वारच्या तोंडातली पुढची शिवी तोंडातच राहिली.

"सिक्स्टेनची बोट," गुन्वोर म्हणाली.

कॅबिनच्या कोपऱ्यावरचा पोचा सगळ्या बंदराच्या ओळखीचा होता. दोन्ही बोटींच्या दोऱ्या एकमेकींत गुंतल्या होत्या, त्यामुळे ती रिकामी बोट लांब जाऊ शकत नव्हती. ओढ लागलेल्या गुरासारखी ती हळूहळू बाजूला येऊन टेकली. आल्वारने आकड्याने तिची कड धरली आणि गुन्वोर पलीकडे उतरली.

इंजिन चालू होतं. दिशा धरून ठेवणारं यंत्र चालू होतं. फळकुटावर पावाचा अर्धा तुकडा होता, त्यावर मासळीच्या अंड्यांचा लेप, दात उमटलेला. गुन्वोरने इंजिन बंद केलं. तेवढ्यात तिचं लक्ष बाकाखाली गेलं. तिथे बायकांच्या चपट्या टाचांच्या बुटांचा जोड ठेवला होता. पाहुणीने दारात ठेवावेत तसे शेजारी शेजारी, आणि आत मोजे घडी करून.

"आल्वार, त्याच्याबरोबर कुणी बाई होती."

"सिक्स्टेनबरोबर? बाई?" आल्वारने कपाळाला आठ्या घातल्या. "मायकेन तर बंदराच्या भिंतीपलीकडे पाऊल टाकत नाही."

ते खरं होतं. सिक्स्टेनची बायको मायकेन तळ्याकाठी जन्मलेली, तळ्याकाठीच नांदलेली, पण तिचा भाऊ या पाण्यात गेल्यापासून तिने बोटीला हात लावलेला नव्हता. सिक्स्टेन सॅमन घेऊन घरी आला की ती तो दारातच घ्यायची आणि त्याच्या अंगावरचे ओले कपडे उंबऱ्याबाहेर ठेवायला लावायची. या मोसमानंतर तो बोट विकणार असल्याचं गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

आल्वारने रेडिओवर हाक दिली. बचावनौका मोताला शहरातून निघते म्हणाले, पण धुक्यात वेळ लागेल. पाणी चार अंश आहे, असंही पलीकडच्या मुलीने सांगितलं. जणू ते यांना ठाऊक नव्हतं.

"ही बोट आली त्याच रेषेत मागे जायचं," आल्वार म्हणाला. त्याने कमरेचा सुरा काढला आणि आपल्या आठही दोऱ्या एकेक करून कापल्या. त्यांच्या टोकांचे, माशाला भुलवणारे पत्र्याचे चमचे त्याने हिवाळाभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून रंगवले होते. त्याने मागे वळून पाहिलं नाही. सिक्स्टेनची बोट दोराने मागे बांधून ते निघाले.

थोडं जायचं, इंजिन बंद करायचं, हाक मारायची, ऐकायचं. पुन्हा थोडं जायचं. धुक्यात हाकही फार लांब जात नव्हती; तोंडासमोरच विरून जायची.

तिसऱ्या वेळी इंजिन बंद झालं तेव्हा गुन्वोरला आवाज ऐकू आला.

ती ओरड नव्हती. कुणी मदतीला बोलावत नव्हतं. शेजारच्या खोलीत बसलेला माणूस काम करता करता बोलतो तसा साधा, सपाट आवाज होता.

"जरा डावीकडे… हां. असंच राहू दे."

गुन्वोरने आल्वारचा दंड घट्ट पकडला.

"सिक्स्टेन आहे. बोलतोय. डावीकडे म्हणतोय."

"मला काही ऐकू येत नाही."

"तुला दारावरची घंटा ऐकू येत नाही. डावीकडे घे."

आल्वारने डावीकडे घेतलं. सुकाणूवरचे त्याचे हात क्षणभर थांबल्याचं तिने पाहिलं. त्याला काय वाटलं असेल ते तिलाही लगेच वाटलं. दहा हातांपलीकडचं दिसत नसताना पाण्यातल्या माणसाला यांची बोट दिसतेय कशी?

पुन्हा थांबले. आवाज तेवढ्याच अंतरावर. जवळ नाही, लांबही नाही.

"जरा डावीकडे. हां…"

"सिक्स्टेन!" गुन्वोर ओरडली. "आम्ही आलो! हात हलव! बोलत राहा!"

तिच्या हाकेला उत्तर आलं नाही. ती ओरडत असताना आवाज थांबत नव्हता, ती गप्प झाल्यावर वाढतही नव्हता. तिचं त्याला काही देणंघेणंच नसावं तसा तो आपल्या तालात बोलत होता. तरी गुन्वोर कठड्यावर वाकून उभी राहिली आणि हाताने दिशा दाखवत राहिली. डावीकडे. आणखी थोडं. आता सरळ.

"गुन्वोर," आल्वार हलकेच म्हणाला, "चार अंशांत माणूस इतका वेळ बोलत नाही. दातच वाजायला लागतात."

"मला माहीत आहे."

"मग?"

"मग काय? सरळ घे."

समोर नारिंगी काहीतरी आधी आल्वारला दिसलं. ऐकण्यात गेलेलं त्याच्या डोळ्यांनी भरून काढलं होतं. तो तरंगता पोशाख होता, पावलांसकट अंगभर चढवायचा, सिक्स्टेन कॅबिनमध्ये टांगून ठेवायचा तो. टोपीच्या आत एक पांढराफटक चेहरा होता आणि डोळे उघडे होते.

मायकेनचा चेहरा होता.

दोघांनी मिळून तिला वर घेतलं. ओल्या पोशाखासकट ती एखाद्या भिजलेल्या गादीइतकी जड झाली होती. तिचा जबडा घट्ट मिटलेला होता, हातांची बोटं आत वळून कडक झाली होती, काहीतरी धरून ठेवल्यासारखी. गुन्वोरने आपला लोकरी सदरा काढून तिच्या अंगावर घातला, तिला कॅबिनमध्ये मांडीशी घेऊन बसली आणि तिचे हात आपल्या काखेत धरले.

"सिक्स्टेन कुठे आहे? मायकेन, तो इथेच आहे ना? आत्ता बोलत होता."

मायकेनचे डोळे तिच्याकडे वळले.

आल्वारने बोट तिथल्या तिथे पुन:पुन्हा गोल फिरवली. प्रत्येक वेळी इंजिन बंद करून तो गुन्वोरकडे पाहायचा. ती मानेनेच नाही म्हणायची. मायकेनला पाण्याबाहेर काढल्यापासून एक शब्दही ऐकू आला नव्हता. बचावनौका आली, तिने मायकेनला घेतलं, धुकं विरलं, ओम्बेर्गचे काळे कडे उन्हात उघडे पडले, आणि पाणी आरशासारखं रिकामं होतं.

दोन दिवस बोटी फिरल्या. सिक्स्टेन सापडला नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोघं मोतालाच्या दवाखान्यात गेली. मायकेन उशांना टेकून बसली होती. हातांना पट्ट्या होत्या. खाटेशेजारच्या टेबलावर गुन्वोरने दालचिनीचे पाव ठेवले आणि खुर्ची ओढली. आल्वार दाराजवळच उभा राहिला. दवाखान्यात तो कधी बसत नसे.

"शेवटचा मोसम आहे म्हणाला," मायकेन आपणहून बोलू लागली. तिचा आवाज घोगरा झाला होता. "चाळीस वर्षं विचारत होता, एकदा तरी ये. म्हटलं, जाते. पोशाख एकच होता, तो मला चढवला. मी म्हटलं, तुझ्यासाठी? तर म्हणे, मी काय आज पडणार आहे?"

ती थांबली. गुन्वोरने पाण्याचा पेला तिच्या ओठांशी धरला.

"दोरी मोकळी करायला वाकला आणि पाण्यात गेला. आवाजसुद्धा झाला नाही. बोट आपली चालतच होती. ती थांबवायची कशी ते मला कुठे माहीत? मी कधी पाहिलंच नव्हतं. तो मागे मागे राहायला लागला. मग मी उडी मारली."

"तू उडी मारलीस," गुन्वोर म्हणाली.

"दुसरं काय करणार? पोहोचले त्याच्यापर्यंत. कॉलर धरली. पण त्याचं संपलं होतं, गुन्वोर. छातीतच काहीतरी झालं असणार. डोळ्यांत बघितलं की कळतं. बोट अजून दिसत होती आम्हाला, तेवढ्यात झालं. मग मी धरून ठेवला. मग हातांत जोर राहिला नाही, सुटला."

दाराबाहेर चाकाची गाडी ढकलत कुणीतरी गेलं.

"तुम्हाला मी सापडले कशी?" मायकेनने विचारलं. "मला तोंड उघडता येत नव्हतं. मी एकही हाक मारली नाही."

येताना गाडीत गुन्वोरने याचं उत्तर तयार करून ठेवलं होतं. नशीब, म्हणायचं. आल्वारचा अंदाज, म्हणायचं. आता ते ओठांवर येईना.

"सिक्स्टेनचा आवाज ऐकू आला," ती म्हणाली. "त्याच्या मागोमाग आलो."

"कधी?"

"तुमची बोट आम्हाला मिळाल्यावर. नंतर बराच वेळ."

"तेव्हा तो नव्हता."

"हो."

मायकेन तिच्याकडे बघत राहिली. गुन्वोरला वाटलं, आता ही रडेल, किंवा मला वेडी म्हणेल, किंवा हाताला धरून आभार मानेल. यातलं काहीच झालं नाही. मायकेनचा चेहरा हळूहळू कठीण झाला, भर समारंभात कुणी अपमान करावा तसा.

"मला नाही ऐकू आला," ती म्हणाली. "मी तिथेच होते. दुसरं काही नव्हतंच ऐकायला. नुसतं पाणी. माझ्याशी एक अक्षर बोलला नाही तो."

"अगं, तुझ्याकडेच आणत होता तो आम्हाला."

"ते तुला सांगत होता. मला नाही."

तिने मान खिडकीकडे फिरवली. तिथून तळं दिसत नव्हतं; समोर मोटारी लावायची जागा होती आणि एक पालवी न फुटलेलं झाड. गुन्वोरने खुर्चीच्या हातांवर हात ठेवले, उठावं की बसावं ते तिला कळेना. दाराशी आल्वारने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"काय म्हणत होता?" मायकेनने खिडकीकडेच बघत विचारलं.

"जरा डावीकडे, म्हणत होता. असंच राहू दे, म्हणत होता."

"असं नाही. तो म्हणाला तसं म्हण."

गुन्वोरने घसा साफ केला. आवाज खाली आणला, सपाट केला, आणि मधली ती थोडीशी उसंतही ठेवली.

"जरा डावीकडे… हां. असंच राहू दे."

मायकेनने डोळे मिटले. पट्ट्या बांधलेले हात तिने पांघरुणावर उताणे ठेवले.

"आणखी एकदा," ती म्हणाली.