परत आलेला बिल्ला

माझ्या जिभेला हाड नाही, असं आईचं मत आहे. ऑफिसचं मत याहून वाईट असावं, पण ते माझ्यासमोर बोलायची कोणाची टाप नाही.

आम्ही वेळेआधी जन्मलेल्या बाळांना ठेवायची काचेची पेटी बनवतो. तिच्या पोटात दोन प्रोसेसर असतात. धाकटा आतलं बघतो: तापमान मोजतो, हवेतला ओलावा मोजतो, हीटर चालू-बंद करतो. थोरला पडदा सांभाळतो, निर्णय घेतो आणि धोका दिसला की बोंब ठोकतो. या दोघांचं बोलणं घडवून आणायचं काम माझ्या ड्रायव्हरचं, म्हणजे मी लिहिलेल्या प्रोग्रॅमचं. त्यासाठी थोरल्याकडे खिडक्या असतात, बँकेत असतात तशा. आम्ही त्यांना एंडपॉइंट म्हणतो. प्रत्येक खिडकीला एक नंबर. धाकटा निरोपावर नुसता नंबर टाकतो, आणि त्या नंबरच्या खिडकीवर जो बसलेला असेल तो निरोप घेतो. कोणती खिडकी कधी उघडायची, कधी बंद करायची आणि तिचा नंबर पुढे कोणाला द्यायचा, हे मी ठरवते. तीन वर्षं ठरवत होते आणि मला त्याचा चांगलाच माज होता.

धाकट्याचा प्रोग्रॅम लिहिणारा माणूस माझ्या मागच्या टेबलावर बसतो. त्याला सगळे मौनीबाबा म्हणतात. दिवसाकाठी त्याची पाच-सहा वाक्यं होतात, त्यातलं एक "येतो मी" हे असतं.

सोमवारी तपासणीच्या बाईंनी पेटीत बाळाच्या जागी गरम पाण्याची पिशवी ठेवली होती. त्यांनी ओलाव्याचा ट्रे बाहेर काढला आणि लगेच, नर्स घाईत करील तसं, तापमानाची वायर बदलली. पडद्यावर तापमान आलं बासष्ट. थोरला घाबरला आणि त्याने हीटर बंद करायला लावला. पुढच्या क्षणी आकडा ताळ्यावर आला, पण हीटर मात्र कोणी बटण दाबेपर्यंत बंदच. पिशवी गार पडत गेली. बाई म्हणाल्या, "इथे बाळ असतं तर?"

सगळ्यांआधी मी बोलले. मी नेहमीच बोलते. "आकडा धाकट्याकडून येतो. मी फक्त पोचवते. जे येतं तेच मी देणार ना?"

साहेबांना ते पटलं. सगळं खापर मौनीबाबाच्या डोक्यावर फुटलं. त्याचा करार महिनाअखेरीला संपत होता. गुरुवारी अकराच्या मीटिंगपर्यंत चूक सापडली नाही, तर करार वाढणार नाही, असं साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं. त्याच्या बायकोची नोकरी गेल्या महिन्यात सुटली होती, दोन मुली शाळेत होत्या. हे मला ठाऊक होतं. तरी मी गप्प बसले नाही, हे इथे कबूल करते.

मंगळवारी तो एक कागद घेऊन आला. "हे जरा बघता का?"

"आधी तुमचं तुम्ही बघा," मी मानसुद्धा वर केली नाही. तो कागद ठेवून गेला. मी त्यावर चहाचा कप ठेवला.

बुधवारी दिवसभर मी त्याच्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधली. एक सापडेल तर शपथ. संध्याकाळी जेवताना मी आईपुढे कुरकुर सुरू केली. "अगं, बासष्ट हा आकडा खोटा नाहीच. हवेतला ओलावा तेवढाच होता. आकडा खरा, पण भलत्याच्याच हातात गेला."

आई भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "म्हणजे आमच्या सतरा नंबरच्या बिल्ल्यासारखं झालं."

आई चोवीस वर्षं पोहण्याच्या तलावावर कपडे सांभाळायची. काउंटरमागे साठ खुंट्या, त्यांच्याच नंबरांचे साठ पितळी बिल्ले. लहानपणी मी शाळेतून तिथे जायचे आणि मला आईची लाज वाटायची, कारण ती परत आलेला बिल्ला लगेच दुसऱ्याला देत नसे. तो एका पत्र्याच्या डब्यात टाकायची. समोर रांग लागलेली, खुंट्या रिकाम्या, लोक ओरडताहेत, आणि आई ढिम्म.

"तू कधी विचारलंस का, की डबा कशाला?" आई म्हणाली.

"नाही. मला वाटायचं, तुझा हट्ट."

"हट्ट कसला? एक बाई पाण्यात उतरायच्या आधी नवऱ्याला सांगून गेली, की माझी सतरा नंबरची पिशवी काढून ठेव. मग तिचीच पोहायची हौस लवकर फिटली. ती स्वतःच आली, पिशवी घेतली, बिल्ला देऊन गेली. मी तोच बिल्ला पुढच्या माणसाला दिला आणि त्याची पँटची पिशवी सतराला टांगली. मागून नवरा हजर. म्हणे, सतरा नंबरचं द्या, बायको आत आहे. मी दिलं. नवी होते गं मी. बिल्लासुद्धा मागितला नाही."

"आणि पँटवाला?"

"तासभर टॉवेल गुंडाळून उभा होता बिचारा. तेव्हापासून कानाला खडा. बाई गेली तरी तिचा निरोप अजून वाटेत असतो. तो येऊन जाईपर्यंत नंबर डब्यात."

माझा घास हातातच राहिला. ट्रे काढला की मी ओलाव्याची खिडकी बंद करत होते आणि तिचा नंबर त्याच क्षणी मोकळा करत होते. वायर बदलली की तापमानासाठी नवी खिडकी उघडत होते आणि हाताशी असलेला पहिला मोकळा नंबर, म्हणजे ओलाव्याचाच, तिला देत होते. नंबर वाया घालवायचा नाही, ही माझी हुशारी. ओलाव्याचा शेवटचा निरोप तेव्हा वाटेतच होता. तो बरोबर पत्त्यावर आला. तिथे राहणारा मात्र मी बदलला होता.

गुरुवारी सकाळी आठला मी ऑफिसात होते. ट्रे, वायर, ट्रे, वायर. चौतिसाव्या वेळी बासष्ट आलं. थोरल्याची नोंद उघडली: निरोप १०२५ नंबरला आलेला. त्याच्या क्षणभर आधीपर्यंत १०२५ ओलाव्याचा होता, आता तापमानाचा. चूक माझी होती, नखशिखांत माझी.

ते लिहून घ्यायला कागद हवा होता. मी कप उचलला. खाली मौनीबाबाचा कागद होता, चहाच्या गोल डागासकट. त्यावर एकच ओळ होती. "१०२५ आधी ओलाव्याचा, मग तापमानाचा. नंबर फार लवकर परत दिला जातो का?" शेवटी प्रश्नचिन्ह. त्याला उत्तर माहीत होतं, तरी माझ्या मानासाठी त्याने प्रश्नचिन्ह घातलं होतं.

मी मीटिंगची वाट पाहिली नाही. साहेबांच्या खोलीत जाऊन कागद त्यांच्यापुढे ठेवला. "चूक माझी आहे. मौनीबाबांनी ती परवाच शोधली होती. मी त्यावर चहा प्यायले." साहेबांनी डागाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बरंच ऐकवलं, आणि मी ऐकून घेतलं. अकरा वाजता त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, की मौनीबाबांचा करार दोन वर्षांसाठी वाढवला आहे. मी सगळ्यांदेखत त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "असू द्या."

दुपारी मी दुरुस्ती केली. बंद झालेल्या खिडकीचा नंबर आता थेट पुढे जात नाही. "हा नंबर मिटला," असं धाकट्याला कळवायचं, "माझ्याकडून आता काही यायचं राहिलं नाही" असं त्याचं उत्तर येईपर्यंत थांबायचं, मगच नंबर मोकळा. थांबलेले नंबर जिथे राहतात त्या यादीला मी नाव दिलं, डबा. बाईंनी हजार वेळा ट्रे काढला, हजार वेळा वायर बदलली. बासष्ट पुन्हा आलं नाही. पिशवी गरम राहिली.

घरी जाऊन मी आईला मिठी मारली. "तुझ्यामुळे वाचले गं. किती बाळं वाचतील कोण जाणे. आणि मला तुझ्या डब्याची लाज वाटायची."

"बरं बरं," ती सुटून म्हणाली. "आणि त्या माणसाला काय म्हणालीस?"

"माफी मागितली की. सगळ्यांसमोर."

"ते झालं तुझ्या चुकीपुरतं. त्याचे आभार मानलेस का?"

जिभेला हाड नसलेली मी, आणि नेमकं तेच बोलायचं राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी खुर्ची फिरवून त्याच्या टेबलाकडे तोंड केलं. "मौनीबाबा, थँक्यू. तुम्ही शोधलंत म्हणून, आणि मी हाकललं तरी कागद ठेवून गेलात म्हणूनही. धाकट्यात आणखी काय काय चाललेलं असतं, सांगाल का मला? मला खरंच काही माहीत नाही."

त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग तो पाऊण तास बोलला. मी मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही.