कोपरा

धुरपताबाईनं हत्ती मुद्दाम उलटा ठेवला, सोंड भिंतीकडे.

खाटेवर प्लायवूड टाकून, त्यावर हिरवी चादर अंथरून ती शिशाचे सैनिक मांडत बसली होती. करंगळीच्या पेराएवढे सैनिक, लाकडी पट्ट्यांवर ओळीनं चिकटवलेले. हाताला लागेल ती पट्टी, जमेल तिथं. समोर खुर्चीवर धाकटा तेजराम मोबाईलमध्ये डोकं घालून होता. थोरला इश्वर ओसरीत विळ्याला धार लावत होता. बापाच्या मागची पहिली दिवाळी म्हणून तेजराम पुण्याहून सानगडीला आला होता. पण कालपासून एका घरात राहून दोघं भाऊ एकमेकांशी एक शब्द बोलले नव्हते. मीठ हवं असलं तरी मध्ये इश्वरच्या बायकोला, रुपाला घालायचे. रुपा बिचारी दोन्हीकडून निरोप्या.

"माय, हत्ती असा नसते ठेवत," शेवटी तेजरामला राहवलं नाही.

"मंग कसा ठेवू? त्याले भिताडाकडं पाहाले लाज वाटते का?"

"अन् घोडे मधात नाई, बाजूले राहते," ओसरीतून इश्वर म्हणाला.

धुरपताबाईनं ओठ मुडपून हसू आत ढकललं. "मग या ना उठून. मी काय चार बुकं शिकली हावो? तुमचा तान्हा पोळा तुम्हीच मांडा."

पोरं लाकडी बैल सजवून मिरवतात तसले हे दाढीमिशावाल्यांचे चोचले, असं ती पहिल्यापासून म्हणायची. लॉकडाऊनमध्ये तेजराम चार महिने घरी अडकला, तेव्हा हे खूळ त्यानंच आणलं. जुन्या काळातल्या लढाया. एकाकडे हत्तीवाला राजा, एकाकडे टोपीवाले ग्रीक. फासा टाकायचा, काडीनं अंतर मोजायचं, पट्टी सरकवायची. नियमांचं पुस्तक इंग्रजीत. त्याचा अर्थ दोघं आपापल्या सोयीनं लावायचे आणि मग गल्ली ऐकेल एवढं भांडायचे. तेव्हा मारोतराव खाटेच्या कडेला बसून न्याय द्यायचे. त्यांना खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. तंबाखू मळत ते एकाकडे बोट दाखवायचे आणि दुसरा गुमान ऐकायचा.

माघात मारोतराव गेले. दिवस बुडाल्यावर अग्नी द्यायचा नाही, अशी गावाची रीत. तेजराम वाटेत होता. इश्वरनं वाट पाहिली, पाहिली, आणि मग नाही पाहिली. तेजराम धावत घाटावर पोचला तेव्हा चिता निम्मी जळाली होती. बापाचं तोंड त्याला दिसलं नाही. तेराव्याचं जेवण उरकून तो गेला, तो आत्ता येत होता.

इश्वर हात पुसत आत आला. त्यानं हत्ती सरळ केला. तेजरामनं घोड्यांच्या पट्ट्या कडेला नेल्या. कोणी कोणाकडे पाहिलं नाही, पण फासा पडला.

पहिला घंटाभर नुसते आकडेच बोलले. "पाच." "दोन." मग इश्वरचे धनुष्यवाले पहिल्याच झटक्यात पळाले आणि तेजराम खुदकन हसला. "दादा, तुये मानसं पगार घेते का फुकट येते गा?"

"तुयेच पुण्यावरून आले, पाय कोवळे त्याइचे, पाह्य आता कसे कुटतो."

दादा म्हणाला! चुलीशी चहा गाळणाऱ्या रुपानं मान वळवून सासूकडे पाहिलं. धुरपताबाईनं डोळ्यांनीच तिला गप्प केलं. अशा वेळी भांडंसुद्धा वाजू नये.

चहा झाला. तेजरामनं आपला घोडा उचलला आणि इश्वरच्या हत्तीच्या बाजूनं राजाकडे न्यायला लागला.

"थांब," इश्वर म्हणाला. "घोडा हत्तीच्या समोर एका पट्टीच्या अंतराच्या आत आला. आता बाजूनं नाई जाता येत. सरळ भीड, नाई तर तोंड हत्तीकडं ठेवून मांगं सर."

"आत कुठं आहे? नुसता कोपरा आहे."

"कोपरा आत म्हणजे घोडा आत."

"असं पुस्तकात नाही लिहिलं."

"बैलाचा एक खूर धानाच्या बांधीत पडला त बैल बांधीतच राहते. त्याले का पुस्तक लागते?"

"तुझ्या हिशेबानं कोपरा म्हणजे सगळंच." तेजरामचा आवाज बदलला. "त्या दिवशी तू अग्नी दिला तेव्हा कोर दिसत होती सूर्याची. कोर असते तोवर दिवस असते, दादा. मी इथं जवळ साकोलीत उतरलो होतो. साकोलीत!"

"बुडाले लागला म्हणजे बुडाला," इश्वर खाली पाहत म्हणाला. "सारा गाव उभा होता. मी कोणाकोणाचं तोंड धरू?"

हत्ती तिथंच होता, घोडाही तिथंच. दोघांच्या मध्ये काडी आडवी पडली होती.

"माय, तूच सांग," तेजराम म्हणाला. "बाबा असते त बाबाले इचारलं असतं. कोपरा आत म्हणजे आत का?"

इश्वरनंही मान वर केली. तोही आईकडेच पाहत होता, लहानपणी मार खायच्या आधी पाहायचा तसा.

धुरपताबाईच्या जिभेला गावात पाटील भ्यायचा. त्या दिवशी ती बायकांच्या घोळक्यात आत बसली होती; कोर दिसते की नाही, हे कोणी तिला विचारायला आलं नव्हतं. आज विचारत होते, तेही शिशाच्या घोड्यावरून. हो म्हणावं तर तेजराम परत येणार नाही. नाही म्हणावं तर इश्वरनं बापाला घाईनं जाळलं असं होतं, आणि तो जन्मभर याच घरात, याच ओसरीत, ते घेऊन बसणार. तिनं मारोतरावांसारखं बोट उचलून पाहिलं. बोट कुठंच वळेना.

"मले नाई समजत तुमचा खेळ," ती म्हणाली.

तेजराम उठला. त्यानं पिशवी भरली. "साकोलीवरून रातची गाडी भेटते," तो रुपाला म्हणाला. जाताना आईच्या पाया पडला. तिच्या तोंडून "जपून जाजो" एवढंच निघालं, आणि तेही तो फाटकापाशी गेल्यावर.

महिन्याभरानं उशिरा पिकणारा भारी धान निघाला. दरवर्षी पोती खाट होती त्याच खोलीत रचायची. ट्रॅक्टर दारात आला, तर इश्वर ओसरीतच थप्पी लावायला लागला.

"अवो, दवात भिजन ना धान!" रुपा ओरडली. "आत जागा हाये. तेवढी खाट उभी केली का झालं."

 इश्वरनं पोत्यांवर ताडपत्री ओढली.

धुरपताबाई दारात येऊन उभी राहिली. "काय गा इश्वर, पुढचा डाव कोनाचा होता?"

ताडपत्रीची दोरी त्यानं खांबाला आवळली. गाठ नीट बसली होती तरी पुन्हा सोडून पुन्हा बांधली.

"त्याचा," तो म्हणाला.

ती आत गेली. धानाचा कोंडा उडून हिरव्या चादरीवर बसला होता. हत्तीच्या पाठीवर, घोड्यांच्या मानांवर. ती खाटेशी वाकली, पदर तोंडाशी धरला, आणि पट्टीचा कोपरा जरासुद्धा सरकणार नाही इतक्या हलक्यानं फुंकर घालत राहिली.