कलमाचा चाकू

गुंडू चौदा वर्षांनी बाजारात स्वतःसाठी काहीतरी निवडायला आला होता, आणि निवडायचा होता चाकू. बरोबर बायको होती, धोंडुबाई. तिच्या सख्ख्या भावाला त्यानं कोयत्यानं मारलं होतं. त्याबद्दल कळंब्याच्या तुरुंगात जेवढे दिवस काढायचे तेवढे काढून सुटला, त्याला अकरा दिवस झाले होते. तेव्हा ही खरेदी जरा बेतानंच चालली होती.

तुरुंगाच्या बागेत तो कलमं बांधायला शिकला. आंबा, चिक्कू, गुलाब, पुढ्यात येईल ते. हातकणंगल्याच्या एका नर्सरीच्या मालकीणबाई, राजनंदिनीताई, त्याला कामावर घ्यायला तयार झाल्या. तिथं शिकलेला माणूस उठसूट सुट्टी मागत नाही, असा त्यांचा हिशेब होता. अट एकच, छाटणीची कात्री आणि कलमाचा चाकू ज्याचा त्यानं आणायचा. सोमवारी हत्यारांसकट आला तर काम, नाहीतर दुसरा माणूस बघून ठेवलेला होता. गुंडूला मात्र दुसरं कुणी बघायला तयार नव्हतं.

धोंडुबाईच्या घरात मात्र चौदा वर्षांत सुटं पातं शिरलं नव्हतं. भाजीला विळी होती. विळीवर बसावं लागतं, आणि बसल्या बसल्या कुणी कुणाच्या अंगावर धावून जात नाही. शेजारीण एकदा नारळ आणि कोयता घेऊन आली, तर हिनं दोन्ही परत पाठवलं. चाकूचं कानावर आल्यावर ती अर्धा दिवस विळीवरून उठली नाही. मग म्हणाली, "मी येते संगं. मला पसंत पडला तर घरात यील. न्हायतर तुमीबी त्याच्यासंगं भाईर."

मंगळवार पेठेतल्या हत्यारांच्या दुकानाचा मालक बाळासो बोलका माणूस. मुकं गिऱ्हाईक त्याला सोसत नसे, आणि इथं तर जोडीनं आलेलं. त्यानं आधी लालभडक मुठीची एक कात्री काढली आणि तिचं कौतुक सुरू केलं. गुंडूनं ती एकदा उघडझाप करून बाजूला सारली. तिचं पातं खालच्या पट्टीवर आपटत होतं. अशी कात्री फांदी कापत नाही, चेचते, आणि चेचलेली जखम लवकर भरून येत नाही, एवढं तो म्हणाला. दुसरीचं पातं दुसऱ्या पात्याच्या अंगाला घासून जात होतं. ती मिटून त्यानं उजेडाकडे धरली, मधून फट दिसते का बघितलं. नटबोल्ट खोलता येतो ना, स्प्रिंग सुटी मिळते ना, विचारून घेतलं. रिबिट मारलेली असली तर धार लावायला खोलता येत नाही. धोंडुबाईनं कात्रीचा खटका तेवढा दोनदा लावून बघितला. बंद झाल्यावर खरोखर बंद राहते, अशी खात्री झाल्यावर मान हलवली.

मग चाकू आले. गुंडूचा हात आपोआप पुढं झाला. बाळासोनं चाकू त्या हाताला चुकवून काचेवर ठेवला.

"हातात देत न्हाय पावणं. भांडणं हुतात. आमच्या वडलांपासनंचा रिवाज हाय."

गुंडूचा हात तसाच राहिला. त्या दिवशी कोयता त्याच्या हातात दिला होता तो मेव्हण्यानंच, शहाळं फोड म्हणून. पुढं भांडण कशावरून पेटलं ते कोर्टात तीन साक्षीदारांनी तीन तऱ्हेनं सांगितलं. गुंडूला चौथंच आठवत होतं. शहाळं राहिलं ते राहिलंच. पंचनाम्यात त्याचीही नोंद झाली, एक नग, न फोडलेलं.

धोंडुबाई काचेकडं बघत होती. "ह्यात बोथट हाय का एखादा?"

तीस वर्षांच्या धंद्यात बाळासोला हे कुणी मागितलं नव्हतं. "मावशी, बोथट आपोआप हुतोय की. त्याला इकत कशाला घ्याय लागतंय?"

गुंडूनं चाकू उचलला. पातं सरळ, धार एकाच बाजूनं, लाकडी मूठ, आत पितळेची पट्टी घातलेली. चौदा वर्षं त्याच्याकडं तुरुंगातला सात नंबरचा चाकू होता, टोक घासून काढलेला, रोज संध्याकाळी मोजून परत द्यायचा. हा त्यानं हातावरच्या केसांवरून हलकेच फिरवला. केस गेले, कातडीला कळलंही नाही.

"बोथट चाकवाला जोर लावाय लागतो," तो बायकोकडं न बघता म्हणाला. "जोर लावला की हात आपला ऱ्हात न्हाय. धारेच्याला जोर लागत न्हाय." थोडं थांबून त्यानं पुढं जोडलं, "त्यो कोयता बोथट हुता."

"बघा," बाळासो खुलून म्हणाला, "पावण्यांना अनुभव हाय."

मग धोंडुबाईनं तो चाकू आपल्या हातात घेतला. पदराचा एक सुटा धागा धरून त्यावर टेकवला. धागा आवाज न करता तुटला. तिनं चाकू मिटला आणि बाळासोला म्हणाली, "बांधा."

सोमवारी गुंडू कामावर गेला. पहिल्याच दिवशी त्यानं चाळीस गुलाब बांधले, आणि राजनंदिनीताईंनी त्याला दोनदा सांगितलं की लघवीला जाताना विचारायची गरज नाही. संध्याकाळी घरी आल्यावर त्यानं कात्री आणि चाकू उंबऱ्यावर शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्ही हात अंगालगत सोडून ताठ उभा राहिला.

"काय उभं ऱ्हायलाय?" धोंडुबाई आतून म्हणाली.

"मोजून घे."

ती बाहेर आली. त्याच्या तोंडाकडं बघितलं, मग उंबऱ्याकडं. "दोन," ती म्हणाली. कात्री तिनं खिळ्याला अडकवली. चाकू घेऊन आत गेली आणि भावाच्या हार घातलेल्या फोटोखालच्या फळीवर ठेवला.

"हितं ऱ्हाऊ दे. त्याचं लक्ष ऱ्हाईल."

"आनि सकाळी?"

"सकाळी तुमी घ्यायचा. त्याच्याम्होरनं."

गुंडू अजून उंबऱ्याबाहेरच होता. एवढ्या वर्षांत त्या फोटोकडं मान वर करून बघायची पाळी त्याच्यावर आली नव्हती. आता रोज येणार होती, रविवार सोडून.

"तू काढून दे की," तो म्हणाला.

"हातात देत न्हाय," धोंडुबाई म्हणाली आणि ताट वाढायला घेतलं. "भांडणं हुतात."